रीतीप्रमाणे

पिंपरी, ५ फेब्रुवारी १९५७

चिमाजीस,

सलाम.

परवा रविवारी उपासना संपल्यावर पंच आबाजींनी उभं राहून वाचून दाखवलं, की आपल्या पत्र्याच्या देवळाला आता कायमचा पाळक मिळणार आणि तो म्हणजे नेवाशाकडचे उपदेशक चिमाजी. बायकांच्या बाजूला सगळ्यांनी माना वळवल्या. "गोजाबाई, तुमचा भाऊ की हो!" मी हसले. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मी एवढी मनापासून हसले नव्हते.

आबाजी पुढे म्हणाले, दहा मार्चला सभा भरेल, तेव्हा मंडळीने होकार द्यायचा. कोणाची हरकत असेल तर त्याने मागे चुगल्या करू नयेत, प्रभूने घालून दिलेल्या रीतीने जावं. ती रीत तुला मी काय सांगायची! अपराधी भावाला आधी एकट्याला गाठून सांगावं. नाही ऐकलं तर दोघा साक्षीदारांना घेऊन सांगावं. तरी नाही तर मंडळीला सांगावं. आणि मंडळीलाही जुमानलं नाही, तर तो आपल्याला परका, जकातदारासारखा. लहानपणी तू मिशनच्या शाळेतून येऊन ही वचनं घडाघडा म्हणून दाखवायचास आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. पाठ तुझं झालं, लक्षात माझ्या राहिलं.

म्हणून हे पत्र तुला एकट्याला. तुझ्या बायकोला, शालनलाही दाखवू नकोस, नाहीतर माझी पहिली पायरी बाद होईल.

अपराध असा. गेल्या साली तुझ्या सुमनच्या अंगावर देवी आल्या, तेव्हा प्रभूचा सेवक म्हणवणारा तू दहीभाताचं ताट आणि नारळ घेऊन गावाबाहेरच्या मरीआईपुढे गेलास. नैवेद्य ठेवलास. हात जोडलेस. मला हे तुझ्या शेजारच्या अंबूबाईकडून कळलं. ती इथे पिंपळे गुरवला लेकीकडे आली आहे. ती बिचारी तुझं कौतुकच करत होती. म्हणाली, "तुमचं भाऊ लई मायाळू बगा. लेकरापायी आमच्या आईम्होरं बी वाकलं." मी तिला चहा दिला, वर आणखी एक कप दिला, आणि सगळं नीट विचारून घेतलं.

तू म्हणशील, अक्का, हा सूड आहे. आहेच. लपवते कशाला?

तुझे दाजी कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरला रविवार नसतो. एकदा गार पडला की पुन्हा वाफ धरायला वेळ जातो, म्हणून कोणीतरी तिथे लागतंच. दाजी रविवारी कामावर जातात, पवित्र दिवस मोडतात, बजावूनही मोडतात, हे तू, तेव्हा इथलाच उपदेशक, मंडळीच्या पंचांपुढे मांडलंस. पंचांनी त्यांना प्रभुभोजनाची बंदी केली, म्हणजे देवळात प्रभूच्या नावाने मोडलेली भाकर ह्यांच्या हातावर पडायची नाही. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालाही हा माणूस सोडत नाही म्हणून तुझी काय वाहवा झाली तेव्हा! नवऱ्याशेजारी बसून ती मी ऐकली.

मग त्या थंडीत ह्यांची छाती भरली. पुण्याहून पाद्रीसाहेब आले, देवळात भोजन झालं, आणि आजाऱ्यांसाठी काढून ठेवलेली भाकर घेऊन तू घरोघर फिरलास. आमच्याकडेही आलास. मला वाटलं, आला माझा भाऊ. ह्यांनी अंथरुणातून हात पुढे केला. तू म्हणालास, "दाजी, आधी पश्चात्ताप झाला म्हणा." हे म्हणाले, "चिमाजी, उद्या बरा झालो तर येत्या रविवारी पुन्हा बॉयलरवर जाणार. मग खोटं कशाला बोलू?" तू भाकर परत फडक्यात गुंडाळलीस. दोन दिवसांनी हे गेले. कुंपणाच्या कडेला, एखाद्या बेवारशासारखं त्यांना पुरलं. घंटा नाही, गीत नाही. सासूबाई कबरीपाशी एकट्याच काहीतरी गुणगुणत होत्या, तेवढंच.

तेव्हापासून मी वाट पाहत होते. देवाने माझं ऐकलं असं म्हणणार नाही, त्याला मध्ये कशाला ओढू? पण करावे तसे भरावे हे काही खोटं नाही.

पाळक व्हायचं असेल तर आता तू पश्चात्ताप झाला म्हण. लेखी. खरा झाला असेल तरच.

गोजाबाई सोनबा वाघचौरे


पिंपरी, १६ फेब्रुवारी १९५७

चिमाजीस,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "अक्का, अंबूबाईंनी सांगितलं ते खरं आहे. सुमन वाचली, तोंडावर वण राहिले. पश्चात्तापाचं विचारतेस, त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सासूबाईंना सलाम."

मला तुझा रागच आला. तू नाकारशील, अंबूबाईला खोटं पाडशील, शालनवर ढकलशील, असं सगळं मनात धरून मी उत्तरं तयार ठेवली होती. कामगारांचे डबे भरताना ती उत्तरं मोठ्याने म्हणत होते, तर डबे न्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. आणि तू सरळ कबूल! भांडायला उभं राहावं तर समोरचा खाली बसतो, तसं झालं. पण कबूल करणं म्हणजे ऐकणं नव्हे. पंचांनीच तेव्हा ह्यांना हे सांगितलं होतं. तेव्हा दुसरी पायरी.

साक्षीदार मी निवडून घेतले. एक आबाजी, दुसरे बबनराव. का हेच दोघे, ते आता सांगते. हे चार वर्षं पोटात ठेवलं होतं.

ह्यांच्या कारखान्यात आपल्या मंडळीतले तिघे बॉयलरवर होते. हे, आबाजी आणि बबनराव. रविवारची शिफ्ट तिघांना आळीपाळीने यायची. आबाजी पंच, त्यांनी रविवारी कोळसा ओढायचा म्हणजे शोभत नव्हतं. बबनराव पेटी वाजवणारे, ते नसले तर गीतं अडायची. तेव्हा हे दोघांना म्हणाले, "तुम्ही जा देवळात. तुमचे रविवार मी करतो. माझ्या वाटचं एखादं गीत म्हणा." झालं. सगळे रविवार ह्यांचे. आणि जेव्हा पंच बसले, तेव्हा आबाजी त्यात होते. बबनराव दाराशी उभे होते. दोघांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही.

मी सांगायला निघाले होते. ह्यांनी मला पदराला धरून बसवलं. "नको गोजा. त्यांना देवळात बसल्याजागी माझं ओझं वाटेल. मी काही ओझं व्हायला केलं नाही." मी त्यांचं ऐकलं आणि गप्प बसले. आता हे नाहीत, आता मी कोणाचं ऐकायचं?

परवा संध्याकाळी दोघांना घरी बोलावलं. माझ्या पहिल्या पत्राची ठेवलेली नक्कल वाचून दाखवली. आबाजींनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गोजाबाई, ह्यो सूड हाय," ते म्हणाले.

"रीत आहे," मी म्हटलं. "तुम्हीच देवळात सांगितलीत."

"रीत हाय, पर मन सुडाचं हाय."

"आबाजी, सही करायला मन लागत नाही."

मग ते रडायला लागले. बाहेर निवडणुकीचा कर्णा बोंबलत होता, त्यामुळे काय म्हणतात ते नीट ऐकू येईना. "सोनबानं माजं रविवार केलं, आन् मी पंचात मुका बसलो. मला ठावं होतं, मी बोललो आस्तो तर बंदी झालीच नसती." बबनराव भिंतीकडे तोंड करून बसले.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तेव्हा बोलला नाहीत, आता बोला."

दोघांनी खाली सह्या केल्या आहेत. आबाजी डोळे पुसत सही करत होते म्हणून ती तशी आली आहे, दुसऱ्या कोणी केली असं म्हणू नकोस.

सासूबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी दोघांना जाताना गूळ दिला. मला ते मुळीच आवडलं नाही.

गोजाबाई सोनबा वाघचौरे

साक्षीदार: आबाजी, बबनराव


पिंपरी, २७ फेब्रुवारी १९५७

चिमाजीस,

या खेपेला तू लांब लिहिलंस. मी दोनदा वाचलं. त्यातल्या एका ओळीवर माझं डोकं असं तापलं की पुढचं वाचायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

तू लिहितोस, "दाजी दुसऱ्यांचे रविवार करत होते हे मला ठाऊक असतं, तर मी त्यांना भाकर दिली असती."

वा रे उपदेशक! म्हणजे चांगला ठरला असता तर भाकर मिळाली असती. आणि वाईट असता तर? नुसताच ओव्हरटाइमच्या लोभाने गेला असता, दारू पिऊन गेला असता, तर? मरणारा माणूस हात पुढे करतो आणि तू आधी त्याची हजेरी बघणार? ती भाकर काय कारखान्याचा पगार आहे, जितकं काम तितका दाम? तू इतकी वर्षं कृपा, कृपा म्हणून गावोगाव ओरडत फिरलास. कृपा म्हणजे लायकी न बघता मिळतं ते, हे मला तूच सांगितलंस ना? का ते फक्त व्याख्यानापुरतं होतं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण! हे चांगले होते म्हणून मी रडत नाही, चिमाजी. ते भुकेले होते आणि तुझ्या हातात भाकर होती, म्हणून रडते.

हे लिहिलं आणि बरं वाटलं. इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चांगलं लिवलंस. ध्येनात ठेव." मला वाटलं, शाबासकी दिली.

आता तुझं पुढचं. मरीआईपुढे गेलास तेव्हा तिच्यावर विश्वास नव्हता म्हणतोस, पण हात मनापासून जोडले होते म्हणतोस. सुमनचे डोळे चिकटले होते, ती पाणीही घेत नव्हती, प्रार्थना करून करून तुझी जीभ कोरडी पडली होती, आणि शालन नुसती तुझ्याकडे बघत होती. ती काही बोलली असती तर तिला रागावला असतास. ती बोलली नाही, म्हणून उठलास. आणि म्हणतोस, "कृपेवर मी इतकं बोललो, अक्का, पण ती मला स्वतःला कधी लागेल असं वाटलंच नव्हतं. आता लागते आहे, तर मागायला तोंड नाही. पोर पुन्हा तशी पडली तर मी पुन्हा जाईन की नाही, मला सांगता येत नाही. मग पश्चात्ताप झाला असं कसं लिहू?"

नको लिहूस. तू नाही लिहिलंस याचा मला आनंदच आहे. लिहिलं असतंस तर रीतीप्रमाणे मला इथेच थांबावं लागलं असतं. भाऊ ऐकतो तिथे बहिणीने तुटेपर्यंत ताणू नये, असा त्या वचनाचा अर्थ निघतो. तू मला थांबवलं नाहीस.

माझ्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नाही, हेही ऐकून ठेव. रविवारी माझी चूल पेटत नाही. कामगारांना शनिवारीच सांगून ठेवते, उद्या डबा नाही. कंपनीतला एक पोरगा तळवड्याहून येतो, तो म्हणाला, "मावशी, रविवारी आमी उपाशी ऱ्हायाचं का?" मी म्हटलं, राहा. रोज पीठ मळताना एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढते. ह्यांना बंदी झाली त्या दिवशीही काढली, ह्यांना पुरलं त्या दिवशीही. सभेत उभी राहीन तेव्हा माझ्या पायाखाली जमीन पक्की आहे.

दहा तारखेला ये. न येण्याचा भ्याडपणा करू नकोस.

गोजाबाई सोनबा वाघचौरे


पिंपरी, ११ मार्च १९५७

चिमाजीस,

काल तू सभा संपताच नगरची एसटी गाठायला निघून गेलास, तेव्हा मागे काय झालं ते तुला कळलं नसेल. ते सांगायला लिहिते. खरं म्हणजे मला ते पुन्हा एकदा चवीने लिहायचं आहे.

मी उभी राहिले. पहिली पायरी सांगितली, दुसरी सांगितली, साक्षीदारांची नावं घेतली. मग ह्यांच्या रविवारांचं सांगितलं. आबाजी पंचांच्या बाकावर होते, त्यांनी मान वर केली नाही. बबनरावांनी पेटीचा भाता धरून ठेवला होता, कशासाठी कोण जाणे. ह्यांच्या हाताने ज्यांनी रविवार पाळले, त्यांनी ह्यांना वाळीत टाकलं, हे मी सगळ्यांच्या तोंडावर म्हटलं. चार वर्षं हेच एक वाक्य मी तयार करत होते. ते म्हणून झालं, तरी मी बसले नाही.

मग तुला विचारलं. तू मागच्या बाजूला उभा होतास. किती वाळलास रे! आबाजी तुला जवळजवळ विनवत होते, "चिमाजीराव, पश्चात्ताप झाला म्हना, हितंच संपतंय." तू म्हणालास, "आबाजी, पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. मग खोटं कशाला बोलू?"

ह्यांचे शब्द. तुझ्या तोंडातून. मला तुझी शिसारी आली. वाटलं, ह्याने आता ह्यांचे शब्दही घेतले. तू मुद्दाम बोलला नाहीस हे मला कळत होतं, तरीही आली.

मतं पडली. तुझं नाव खोडलं गेलं, आणि पश्चात्ताप होईपर्यंत भोजनाची बंदी. तू मुकाट्याने टोपी घातलीस आणि गेलास. सुमनचं एक अवाक्षरही काढलं नाहीस. काढलं असतंस तर निम्म्या बायका रडल्या असत्या आणि कदाचित माझी हार झाली असती. हे तुला कळत होतं, तरी काढलं नाहीस. मला वाटतं मला हरवायची तुला गरज वाटली नाही, आणि याचाही मला राग आहे.

तू गेल्यावर चहा झाला. बायका माझ्याभोवती जमल्या. कोणी म्हणाली, "सोनबांना न्याय मिळाला." कोणी म्हणाली, "रीत म्हणजे रीत." गेल्या साली मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागलेली रुक्मिणीबाई म्हणाली, "आता बघा बाई, माझ्याही दिराचं एक प्रकरण आहे." आणि तिच्या पाठोपाठ आणखी एकीनं कोणाचं तरी नाव घेतलं. सगळ्यांना अचानक काही ना काही आठवायला लागलं. आबाजी बाहेर दगडावर एकटेच बसले होते. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं.

मी घरी आले. जिंकले, चिमाजी. अगदी रीतीप्रमाणे जिंकले. उपदेशकाचं कामही गेलं, तुला महिनाअखेर मिशनचं घर सोडावं लागेल असं ऐकते. सोडायलाच हवं.

गोजाबाई सोनबा वाघचौरे


पिंपरी, १८ मार्च १९५७

चिमाजीस,

हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाही. माझ्यावर लिहायची पाळी आणली आहे.

सभा झाली त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "झालं का तुजं समदं?"

"झालं."

"आता त्यो आपला कोन म्हनायचा?"

मी म्हटलं, "कोणी नाही. शास्त्राप्रमाणे परका. जकातदार."

त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून टाकला. "जकातदार म्हंजी नाक्यावरचा? जो आपल्या भाजीच्या पाटीत बी हात घालतो?"

"तसलाच."

"मंग परभू त्येंच्या घरी कशापायी जायाचा?"

"जेवायला," मी म्हणाले. माझ्या तोंडातून ते निघूनच गेलं, चिमाजी.

"मंग आता तुला सैपाक करावा लागंल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

मी त्यांच्यावर एवढी ओरडले की शेजारीण दारात आली. मी म्हटलं, तुमचा मुलगा होता तो! तुमच्या पोटचा! त्याच्या हातावर भाकर ठेवली नाही त्या माणसाला मी वाढायचं? तुम्हाला काही वाटतं की नाही? म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, पण बोलले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"व्हय. माजाच ल्योक," त्या म्हणाल्या. "तुजा नवरा नंतर झाला, माजा ल्योक आदी हुता. त्येला भाकर मिळाली न्हाई म्हून म्या चार वरसं रातच्याला रडती, तुला ठावं न्हाई. पर माज्या ल्योकाला मिळाली न्हाई म्हून आनिक किती जनांला मिळू द्याची न्हाई, त्ये येकदा सांग. आकडा सांग. म्हंजी म्या गप बसती."

मी उठून मागच्या दारी गेले.

नंतर आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. शास्त्र उघडून बसले. त्या वचनाच्या मागचं वाचलं, पुढचं वाचलं, कुठे पळवाट सापडते का बघत होते. जकातदार म्हणजे जवळ करू नये, असं कुठे तरी साफ लिहिलेलं असावं, अशी माझी फार इच्छा होती. तर जिथे तिथे प्रभू त्यांच्याच पंगतीला. लोक नावं ठेवतात तरी जातो. ते सुधारले आहेत का हे आधी विचारतही नाही. मग मला माझंच पत्र आठवलं, तुला शिव्या घालून लिहिलेलं, पगार आणि हजेरीचं. सासूबाईंनी तेव्हा ध्यानात ठेव म्हटलं होतं, ते कशासाठी ते आता कळलं. म्हातारीने मला माझ्याच शब्दांत पकडलं.

परवा आबाजींना विचारायला गेले, तुम्ही पंच आहात, यातून काही मार्ग आहे का? ते म्हणाले, "गोजाबाई, मार्ग आसता तर म्या आदी घेतला आसता. सोनबाच्या कबरीपाशी म्या रोज जातो. माफ केलं म्हनाया त्यो उठत न्हाई. आता फुकट मिळालं तरच मिळनार मला. कमवून तर न्हाईच." आणि ते माझ्याकडे बघून उभेच राहिले. मी तशीच निघाले. घरी आले आणि त्यांच्यासाठी डब्यात भाजी घातली, पाठवून दिली. वाटेतून परत मागवावी असं दोनदा वाटलं.

तर आता ऐक. मी तुला क्षमा केलेली नाही. ती होते की नाही, कधी होते, मला माहीत नाही, आणि झाली तर तुला आधी कळवीन अशी आशा ठेवू नकोस. सभेत बोलले त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. ह्यांच्या कबरीकडे तुला घेऊनही जाणार नाही, तुझा तू जा. तू समोर दिसलास की माझ्या अंगाचा तिळपापड होणार हेही नक्की. वाढताना माझा हात जड पडला तर समजून घे.

पण येत्या शनिवारी दुपारी जेवायला ये. रविवारी नको, रविवारी माझी चूल पेटत नाही आणि तुझ्यासाठी मी ती पेटवणार नाही. शालनला आण. सुमनला आण, सासूबाईंना तिला बघायचं आहे. घर सोडायचं आहे तर सामानाचं काय करणार आहात तेही बोलू, इथे आमच्या मागची खोली रिकामी आहे, पण ते नंतर. आधी जेवण. नगरची एसटी सकाळची धर, म्हणजे वाटेत पोर भुकेली राहणार नाही.

इथे खाली मी एक अट लिहिली होती. ती खोडली आहे. कागद उजेडात धरून वाचायला जाऊ नकोस. ये.

गोजाबाई